योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद



गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या शाळेतील नववीचा एक विद्यार्थी आठवडाभर वर्गात दिसेना. चौकशी करता कळले की, त्याची कंबर धरली आहे. पुढे तो वडिलांसह आम्हांस भेटावयास आला, तेव्हा सारा प्रकार उलगडला. मुलगा अंगाने थोडा स्थूल. मित्र त्याला चिडवीत. एके दिवशी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोणी पिळदार शरीराचा तरुण महिन्याभरात पोट सपाट करून देण्याची ग्वाही देताना त्याने पाहिला. झाले! त्याने रात्रीचे जेवण सोडले आणि खाटेखाली पाय अडकवून, पाठीवर निजून, झटक्याने उठून बसण्याचा व्यायाम रोज दोनशे वेळा सुरू केला. तीन आठवडे लोटले. पोट होते तेथेच होते; चेहरा मात्र सुकला, आणि एका सकाळी त्याला अंथरुणातून उठताच येईना. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली व मुलगा बरा झाला. परंतु जाता जाता त्याने आम्हांस विचारले की, आपण इतके कष्ट केले, इतका निग्रह पाळला, मग त्यात आपले चुकले तरी काय?

प्रश्न प्रामाणिक होता. आळशी मुलास उपदेश करणे सोपे असते; पण कष्टाळू मुलाचे कष्ट वाया गेले म्हणजे शिक्षकाच्याही मनाला रुखरुख लागते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस एका थोर पुरुषाचे चरित्र आठवले. पोटाचे स्नायू हलविले असता पोटात खरोखर काय घडते, हे केवळ ऐकीव माहितीवर न सोडता क्ष-किरणांच्या आणि दाबमापकाच्या साहाय्याने पाहण्याचा उद्योग या पुरुषाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी केला. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद. आज २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून २०१५ पासून जगभर साजरा होतो, शाळाशाळांतून आसने होतात. परंतु ज्यांनी योगाला गुहेतून काढून प्रयोगशाळेत आणि शाळेच्या पटांगणावर आणले, त्यांची ओळख आपल्यांपैकी फारच थोड्यांना असते. म्हणून यंदाच्या वार्षिकांकात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्ही योजिले आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोद्याजवळील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. गायकवाडांच्या राज्यात नोकरीचाकरीच्या निमित्ताने पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेली अशी अनेक मराठी घरे त्या प्रांतात होती. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहूनही घरात मराठी आणि दारात दुसरी भाषा अशी दुहेरी संपत्ती बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वातावरण अपरिचित वाटणार नाही. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. आई सरस्वतीबाई गृहकृत्यात दक्ष. शिक्षकाच्या घरी विद्या असते, लक्ष्मी क्वचितच असते. गुण्यांच्या घरीही दारिद्र्यच होते. लोकांच्या साहाय्यावर अवलंबून राहून जगन्नाथाला शिक्षण घ्यावे लागले. वयाच्या विसाव्या वर्षी, १९०३ मध्ये, तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. उशीर झाला खरा. पण उशिराने आलेल्या या विद्यार्थ्याने संस्कृत विषयासाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकाविली आणि तिच्या आधारावर बडोदा कॉलेजात प्रवेश मिळविला. पदवी हाती यावयास १९१० साल उजाडले.

कॉलेजातील ही वर्षे त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. त्या काळी श्री अरविंद घोष बडोद्यास अध्यापक होते. इकडे महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांच्या वाणीने तरुणांची मने पेटली होती. या दोन्ही ज्योतींचा प्रकाश गुण्यांच्या मनावर पडला. देशसेवेसाठी आयुष्य वाहावयाचे, त्यासाठी आजन्म ब्रह्मचारी राहावयाचे, असा निश्चय त्यांनी तरुण वयातच केला. पण सेवा करावयाची ती कोणत्या साधनाने? प्रथम शरीराने, असे उत्तर त्यांना बडोद्याच्या तालमीत मिळाले.

बडोद्यात जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादांच्या नावाने चालणारी एक व्यायामशाळा होती. तिचे चालक राजरत्न प्रोफेसर माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांत ते निष्णात होतेच. शिवाय निखळलेली हाडे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. शेकडो मुलांना एका आज्ञेवर, एका तालात व्यायाम देण्याची सांघिक पद्धत त्यांनी रूढ केली. १९०७ ते १९१० या काळात गुण्यांनी त्यांच्या हाताखाली भारतीय व्यायामाचे रीतसर शिक्षण घेतले. बेळगावकडील आपल्या मुलांना तालीम म्हणजे काय ते निराळे सांगावयास नको. तालमीतला मुलगा एक गोष्ट लवकर शिकतो : शरीराला फसविता येत नाही. जितकी मेहनत झेपते तितकीच केली तर ती अंगी लागते. त्याहून अधिक केली तर ती अंगावर उलटते. आणि ज्या गुरूचे हात मोडलेली हाडे सांधण्यात गुंतलेले असत, त्याच्या शिष्याला व्यायामातील अपघातांचे विस्मरण कसे होईल?

पदवीनंतर गुणे शिक्षणकार्याकडे वळले. पूर्व खानदेशातील अंमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीस त्यांनी हातभार लावला व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. ज्या अंमळनेरात पुढे १९२४ पासून साने गुरुजींनी शिक्षकाचे काम केले, तेच हे गाव. राष्ट्रीय बाण्यामुळे या महाविद्यालयावर इंग्रज सरकारची वक्रदृष्टी झाली आणि ते बंद पडले. एखाद्या सामान्य माणसाचा या आघाताने धीर खचला असता. पण गुण्यांची वाट तोपर्यंत दुसऱ्या दिशेला लागली होती.

१९१९ मध्ये नर्मदेच्या काठी मालसर या गावी त्यांना परमहंस माधवदास महाराज भेटले. माधवदास हे मूळचे बंगालचे. पुष्कळ देशाटन करून वृद्धापकाळी ते मालसरला राहिले होते. त्यांच्यापाशी गुण्यांनी योगाचे धडे घेतले. आसने, प्राणायाम, बंध, क्रिया यांचा अनुभव घेताना शरीरात आणि मनात होणारे बदल त्यांना प्रत्यक्ष जाणवू लागले. गुरूंवर त्यांची अपार श्रद्धा होती. पण ही श्रद्धा डोळस होती. अनुभव खरा असला तरी त्याचे कारण काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. जुन्या ग्रंथांतून एका क्रियेने मृत्यू जिंकला जातो, दुसरीने जठराग्नी प्रदीप्त होतो, अशी वर्णने आहेत. ती वाचून भाविक मान डोलावतात आणि सुशिक्षित हसतात. गुण्यांना दोन्ही मार्ग पटेनात. मान डोलावण्यापूर्वी आणि हसण्यापूर्वी एकदा मोजून पाहावे, असा त्यांचा कल होता.

आता आपण आपल्या विषयाच्या गाभ्यापाशी आलो. योगात पोटासंबंधी दोन प्रसिद्ध क्रिया आहेत. पहिली उड्डियान बंध. श्वास पूर्णपणे बाहेर सोडावयाचा, कंठ मिटून घ्यावयाचा, आणि मग हवा आत येऊ न देता, जणू काय श्वास घेत आहोत अशा रीतीने बरगड्या वर उचलावयाच्या. छातीची पोकळी वाढते. पण तिच्यात हवा शिरत नाही. त्यामुळे छाती आणि पोट यांमधले श्वासपटल वर खेचले जाते आणि पोट पाठीकडे खोल जाऊन त्याची जणू वाटीच होते. दुसरी क्रिया नौली. पोट असे खोल गेलेले असतानाच, मधोमध उभे असलेले दोन स्नायू तेवढे आवळून पुढे आणावयाचे. ते खांबासारखे उठून दिसतात. सरावलेला साधक हा खांब डावीकडे, उजवीकडे नेतो आणि शेवटी दही घुसळावे तसे पोट घुसळतो. पाहणारा थक्क होतो. पण थक्क होणे हे काही ज्ञान नव्हे.

१९२० व १९२१ मध्ये गुण्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयातील प्रयोगशाळेत आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने या दोन क्रियांचा अभ्यास आरंभिला. क्ष-किरण त्या वेळी आपल्या देशात नवलाची वस्तू होती. त्यांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली चालू असताना शरीराच्या आतल्या अवयवांची स्थिती त्यांनी पाहिली. पुढे त्यांनी मोठ्या आतड्यातील दाबही मोजला. येथे एक मौजेची गोष्ट आहे. पोटाचे स्नायू आवळले म्हणजे आतला दाब वाढणार, असे आपल्यांपैकी कोणीही म्हणेल. पिशवी मुठीत आवळली की आतली हवा दाबली जाते, तसेच हे. परंतु मापकाने उलटे दाखविले. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही कमी झालेला आढळला! लोहाराने भाता उघडला की हवा आत ओढली जाते, तसाच हा प्रकार. बस्ती नावाच्या क्रियेत योगी पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी आत ओढून घेतात, असे जे सांगितले जाई, त्याचे भौतिक कारण या शोधाने स्पष्ट झाले. त्यात चमत्कार नव्हता. दाबातील फरक होता. या निर्वात स्थितीला गुण्यांनी आपल्या गुरूंची आठवण म्हणून माधवदासांचे नाव दिले. गुरुमहाराज १९२१ मध्ये समाधिस्थ झाले होते. शिष्याने गुरूला वाहिलेली ही दक्षिणा मोठी अपूर्व म्हटली पाहिजे. कारण ती फुलांची नव्हती, मोजमापाची होती.

या प्रयोगांनी त्यांच्या जीवनाचे ध्येय निश्चित झाले. आता ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरील लोणावळे येथे त्यांनी कैवल्यधाम हा आश्रम स्थापिला. आश्रम म्हटला की पर्णकुटी, धुनी आणि कमंडलू डोळ्यांपुढे येतात. येथे त्यांच्या जोडीला प्रयोगशाळा होती. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्याच्या एका विभागात प्रयोगांची शास्त्रीय माहिती, तर दुसऱ्या विभागात सामान्य वाचकांसाठी आसनांची व प्राणायामाची सुबोध माहिती येत असे. शंभर वर्षे उलटली, तरी हे नियतकालिक आजही प्रसिद्ध होते. सर्वांगासनात व शीर्षासनात रक्तदाबात काय फरक पडतो, हेही कैवल्यधामात मोजले गेले. १९३१ मध्ये आसने आणि प्राणायाम या विषयांवरील त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले व ते देशोदेशी वाचले गेले.

या संशोधनातील एक प्रसंग आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो. प्राणायामाने शरीरात प्राणवायू अधिक शोषला जातो, असा तेव्हा सर्वत्र समज होता. आजही तो पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. योगाचा अभिमान बाळगणाऱ्याला हा समज किती सोयीचा! स्वामीजींनी मात्र त्याचीही परीक्षा केली. मोजमापातून हा समज टिकत नाही असे दिसून आले, आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहून टाकले. प्राणायामाचे महत्त्व मज्जासंस्थेवरील परिणामात शोधावे, असे त्यांचे मत होते. ज्या विद्येसाठी आपण घरदार सोडले, त्याच विद्येविषयीची एक लोकप्रिय समजूत आपल्याच हातांनी खोडून काढावयास किती मोठे मन लागत असेल याचा विचार करा. देशाभिमानी माणूस जुन्या विद्येची स्तुती करतो; पण जुन्या विद्येवर खरे प्रेम करणारा माणूस तिच्यातील खोटे तेवढे वेगळे काढतो. स्वामीजी या दुसऱ्या प्रकारचे देशभक्त होते.

त्यांच्या ग्रंथांत आणखी एक गोष्ट लक्षात येते. कोणत्या आसनाने काय लाभ होतो एवढेच ते सांगत नाहीत. ते कोणी करू नये, कोणी स्वतःच्या जबाबदारीवर सुरू करू नये, हेही सांगतात. कान वाहत असलेल्यांनी, हृदय दुर्बल असलेल्यांनी, रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी जाणत्याचा सल्ला घेतल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. ताण हळूहळू वाढवावा. झटके देऊ नयेत. जोराचा व्यायाम आणि योगाभ्यास यांच्यामध्ये काही वेळ जाऊ द्यावा. अशा सूचना त्यांनी काळजीपूर्वक दिल्या आहेत. सशक्तांसाठी निराळा आणि अशक्तांसाठी सोपा असा क्रमही त्यांनी आखून दिला. औषधाची मात्रा माणूस पाहून द्यावी लागते, तशीच व्यायामाचीही, हे या मागचे सूत्र होते.

त्यांची कीर्ती हळूहळू पसरली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संबंध असलेले कोवूर बेहानन हे मूळचे त्रावणकोरचे संशोधक लोणावळ्यास येऊन राहिले, स्वामीजींच्या हाताखाली शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी योगाचे शास्त्रीय परीक्षण करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईत कैवल्यधामाची शाखा निघाली. ती पुढे मरीन ड्राइव्हवरील वास्तूत गेली. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवर स्वामीजींनी काम केले आणि शाळांतील मुलांना सामुदायिक रीतीने आसने शिकविता येतील अशी पद्धत आखण्यासाठी ते झटले. माणिकरावांच्या तालमीत शिकलेला सांघिक व्यायामाचा धडा येथे त्यांच्या उपयोगी पडला असला पाहिजे. योगशिक्षक तयार करण्यासाठी लोणावळ्यास महाविद्यालय निघाले. १९६१ मध्ये योगोपचाराचे रुग्णालयही सुरू झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षात, या कर्मयोग्याने देह ठेविला. त्यांच्या मागे कैवल्यधामाची धुरा स्वामी दिगंबरजींनी वाहिली.

मित्रहो, चरित्र येथे संपले. पण आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यावयाचे राहिले आहे. त्याचे चुकले काय? स्वामीजींच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे त्याच्या चुका एकेक करून दिसू लागतात.

पहिली चूक ही की, जे कोणी मोजून पाहिले नव्हते त्यावर त्याने विश्वास ठेविला. नौलीने आतड्यातील दाब कमी होतो असे मापकाने सांगितले. म्हणून स्वामीजींनी तेवढेच सांगितले. एका गोष्टीचा पुरावा दुसऱ्या गोष्टीसाठी वापरता येत नाही. आजचे शरीरशास्त्र सांगते की, ज्या भागाचा व्यायाम करावा त्याच भागावरची चरबी झडते, हा समज खरा नाही. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात. त्यांच्यावरील मेद मात्र साऱ्या शरीराच्या जमाखर्चाप्रमाणे वाढतो वा घटतो. आहार जितका, त्याहून श्रम अधिक झाले, तर शरीर साठविलेला मेद खर्च करते. आणि तो प्रथम कोठून काढावयाचा हे शरीरच ठरविते, आपण नव्हे. म्हणून कंबर कमी करावयाची तर भरभर चालणे, पळणे, सायकल, पोहणे, मैदानी खेळ यांचीच कास धरावी लागते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुसरी चूक उपासाची. वाढत्या वयात जेवण तोडणे म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घराच्या विटा काढून नेणे होय. उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही झिजविते. अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अनावर भूक लागून माणूस नको ते खातो. आम्ही कोंकणी घरात वाढलो. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, आमटी, भाजी आणि जमेल तेव्हा मासळी, असे साधे अन्न पोटभर खाऊन आमच्या गावची मुले शेतात व खाडीत राबत. त्यांच्यात सुटलेले पोट क्वचितच दिसे. अन्न शत्रू नव्हे. शीतपेयांच्या बाटल्या, पुडीतील तळलेले पदार्थ, बेकरीतील गोड जिन्नस आणि पडद्यासमोर बसून नकळत होणारे खाणे, हे खरे शत्रू. तेवढे आवरावे आणि ताटातील डाळ, कडधान्य, भाजी, ताक यांना मान द्यावा.

तिसरी चूक व्यायामाच्या रीतीची. पोट म्हणजे केवळ पुढची बाजू नव्हे. पुढचे, बाजूचे आणि खोल आडवे पसरलेले स्नायू, पाठीचे स्नायू, वर श्वासपटल आणि खाली कटीच्या तळाचे स्नायू, असे हे एक सबंध पिंप आहे आणि कण्याचा खालचा भाग त्याच्या आधाराने उभा असतो. पिंपाची एकच फळी घट्ट करून भागत नाही. पाय अडकवून झटक्याने उठताना मांडीला व कण्याला जोडणारे स्नायू कंबरेच्या मणक्यांना ओढतात आणि तेथे ताण पडतो. त्याऐवजी गुडघे वाकवून, हात छातीवर ठेवून, खांद्यांपुरतेच वर उचलावे. पालथे पडून कोपरे व पायांची बोटे यांवर शरीर फळीसारखे सरळ धरावे. आरंभी दहा सेकंद पुरेत. पाठीसाठी भुजंगासन आणि एकेक पाय उचलण्याचे अर्धशलभासन करावे. श्वास कोंडून धरू नये; उचलताना सोडावा, परतताना घ्यावा. जेवणानंतर तीन-चार तास पोटाचे व्यायाम करू नयेत. आठवड्यातून तीन दिवस केले तरी चालते. मधला दिवस स्नायूंना विसावा मिळावा. कळ येऊ लागली की तत्काळ थांबावे. स्नायूचा थकवा आणि कंबरेतील कळ यांत फरक आहे, तो ओळखावयास शिकावे.

आणि उड्डियान व नौली? त्या वाचून करावयाच्या क्रिया नव्हेत. स्वामीजींसारख्या पुरुषानेही त्या गुरूंजवळ बसून शिकल्या आणि मग तपासल्या. शालेय वयातील मुलांनी त्यांच्या नादी लागू नये. मोठ्यांनीही जाणत्या शिक्षकासमोरच शिकाव्यात. रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ, आतड्यातील व्रण असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी त्या करू नयेत.

चौथी चूक सर्वांत मोठी. ती मात्र आमच्या विद्यार्थ्याची एकट्याची नाही, ती त्याला चिडविणाऱ्यांचीही आहे. त्याने आपल्या शरीराला शिक्षा करावयाचे ठरविले होते, कारण इतरांनी त्याला शरीराची लाज वाटावयास लाविली होती. स्वामीजींच्या प्रयोगशाळेत शरीर हे अभ्यासाचे आणि आदराचे स्थान होते, उपहासाचे नव्हे. आपणही मोजावे, पण मैत्रीने मोजावे. साधी मोजपट्टी घेऊन, श्वास सहज सोडून, बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजावा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, असा एक सोपा ठोकताळा आहे. दीड मीटर उंचीच्या मुलाची कंबर पाऊण मीटरच्या आत असली तर चिंतेचे कारण नाही. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी, भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर असल्यास मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो असे मानतात. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हा घेर महिन्यातून एकदा मोजला तरी पुरे. रोज आरशासमोर उभे राहून पोट चिमटीत धरणे हे मोजमाप नव्हे. तो मनाला लागलेला चाळा होय.

आमच्या त्या विद्यार्थ्याला हे सारे आम्ही सांगितले. तो आता सायंकाळी मित्रांबरोबर कबड्डी खेळतो, रात्री घरच्यांबरोबर जेवतो आणि आठवड्यातून तीन दिवस आमच्या क्रीडाशिक्षकांच्या देखरेखीखाली पोटापाठीचा व्यायाम करतो. त्याची कंबर किती उतरली हे आम्ही त्यास विचारीत नाही. त्याने एका वहीत तारीख घालून आपली नोंद ठेवावयास आरंभ केला आहे, हे मात्र आम्हांस ठाऊक आहे. त्या वहीकडे पाहिले की डभोईच्या एका गरीब शिक्षकाचा मुलगा आम्हांस आठवतो. कारण श्रद्धा असूनही मोजून पाहण्याची आणि मोजून झाल्यावर खरे तेच लिहिण्याची सवय हाच त्याने आपल्यासाठी ठेविलेला खरा वारसा आहे. आपल्यांपैकी प्रत्येकाला तो जतन करता येईल. त्याला लागते ती एक मोजपट्टी, एक वही, आणि थोडासा धीर.